रविवारची चर्चा : ‘गारंबीचा बापू’ वाचूनच या

मंडळी, रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या माडीवर श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीवर (१९५२) चर्चा आहे. गाइड वाचून येऊ नका. मागच्या वेळी चौघांची उत्तरं सारखी निघाली, स्वल्पविरामासकट! पहिलं वाचन सलग करा, दुसऱ्या वेळी पेन्सिल घ्या. बापू, राधा, अण्णा खोत यांना वहीत एकेक पान द्या. कोण कुणाला काय बोललं ते पृष्ठक्रमांकासह टिपा. निबंधात आणि परीक्षेत तेच हाताशी येतं. खोताचा वचक गावावर कसा चालतो, यावर चार ओळी स्वतःच्या लिहून आणा. बोलीतला शब्द अडला तर आधी घरच्या आजीला विचारा, कोश नंतर. प्रती तीनच, दोन दिवसांत पुढच्याला द्या. आणि कृपया सुकटीच्या पिशवीतून आणू नका, एका प्रतीला अजून वास येतोय.