प्रॅक्टिकल झाल्यावर त्या प्लेटा जातात कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात बायोटेकच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. गेल्या महिन्यात पोरांचं ट्रान्सफॉर्मेशनचं, म्हणजे जंतूत बाहेरचा डीएनए घालायचं प्रॅक्टिकल झालं आणि दोन दिवसांनी मागच्या दाराशी कचऱ्याच्या बकेटीत वापरलेल्या पेट्री प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या डब्या, तशाच पडलेल्या, झाकणं निघालेली, एक कुत्रं त्यात तोंड घालत होतं. विचारलं तर म्हणाले ऑटोक्लेव्हचं (दाबाच्या वाफेनं जंतू मारायच्या यंत्राचं) गॅस्केट गेलंय, आणि एवढ्यानं काय होतंय ओ?

काय होतंय ते सांगते. ई. कोलाय जंतू कॅल्शियम क्लोराइडमध्ये बर्फावर ठेवायचे, मग मिनिटभर 42 डिग्रीच्या पाण्यात बुडवून परत बर्फात, तेवढ्यात थोड्याशा जंतूंमध्ये प्लाझ्मिड शिरतं, म्हणजे डीएनएची छोटीशी गोल रिंग. कुणात शिरलं हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या रिंगवर अँपिसिलिन हे जंतू मारणारं औषध निकामी करणारा जीन आधीच बसवलेला असतो आणि प्लेटमध्ये अँपिसिलिन घातलेलं असतं, ज्यांना रिंग मिळाली ते वाढतात, बाकीचे नाही. यालाच सिलेक्टेबल मार्कर म्हणतात. 1973 साली कोहेन आणि बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशाच मार्करच्या जोरावर जंतूत नवीन जीन घातले, आणि 1982 मध्ये जंतूंकडनं बनवलेलं माणसाचं इन्सुलिन अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. आपल्या घराघरातल्या शुगरच्या पेशंटला जे इंजेक्शन मिळतं त्याचं मूळ इथंच आहे, त्यामुळे हे प्रॅक्टिकल बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, उलट प्रत्येक पोरानं स्वतःच्या हातानं करावं.

पण प्लेट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार पेटीत, जास्त वेळ राहिली तर काय होतं ते एकदा ट्यूबलाइटसमोर धरून बघा. मधोमध एक टपोरी कॉलनी, म्हणजे जंतूंचा पुंजका, आणि तिच्याभोवती टाचणीच्या टोकाएवढे ठिपकेच ठिपके. त्या ठिपक्यांत तो जीन नसतो! मोठीनं सोडलेल्या एन्झाइमनं आजूबाजूचं अँपिसिलिन खलास केलं, म्हणून शेजारचेही जगले. हे बघितल्यावर प्लेट उघड्यावर टाकायला माझा तर हात होत नाही.

लॅबमधला ई. कोलाय दुबळा असतो, बाहेर फार टिकत नाही, हे मलाही माहितीय, घाबरवायचं नाहीये मला. पण मेलेल्या जंतूचा डीएनए, म्हणजे तो औषध निकामी करणारा जीनही, दुसरा जंतू उचलू शकतो, ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1928 साली न्यूमोनियाच्या जंतूंत बघितलं ते हेच. आणि आपल्याकडं पावसाळ्यात गटार, नाला, शेत सगळं एक होतं, बळ्ळारी नाल्याकाठच्या वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांना विचारा.

जीन बदललेल्या जंतूंसाठी आपल्या देशात 1989 पासून नियम आहेत. आणि खर्च तरी काय? गॅस्केट येईपर्यंत काचेच्या प्लेटा घरी असतो तसल्या वेगळ्या कुकरमध्येही निर्जंतुक होतात, 15 पौंड प्रेशर म्हणजे 121 डिग्री, अर्धा तास ठेवा. प्लास्टिकच्या प्लेटा रात्रभर ब्लीचच्या पाण्यात बुडवा. मी आता तेच करते.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या लॅबवाल्यांनीही जरा मागच्या दाराशी जाऊन बघावं, आणि किती प्लेटा वापरल्या, कितींतले जंतू मारले याची एक वही ठेवावी. जर्नलवर सह्या होण्याआधी त्या वहीवर सही झाली पाहिजे.

आपली,
एक लॅब असिस्टंट, बेळगाव