गव्हर्नर मोकळा आहे का, ते सेकंदांत मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की विजेच्या बातम्यांत मेगावॅटचे आकडे येऊ लागतात. मागणी किती चढली, कोळसा किती दिवस पुरेल, सौर प्रकल्पांची भर किती पडली. हे छापून यायलाच हवे. पण ग्रिड, म्हणजे देशभरातल्या वीजवाहिन्यांचे जाळे, तगते की कोसळते हे ज्या पहिल्या पाऊण मिनिटात ठरते, त्याबद्दल वर्तमानपत्रांत जवळपास काहीच येत नाही. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या औष्णिक केंद्रांत गेली, आधी कंट्रोल रूमच्या डेस्कवर आणि पुढे शिफ्ट इंचार्ज म्हणून. त्यामुळे टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर स्वतःहून प्रतिसाद द्यायला मोकळा आहे का, हा विषय मांडावासा वाटला.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली आणि ग्रिडचा दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी जोडला गेला. तेव्हापासून सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे विजेच्या सेकंदाला सुमारे ५० आवर्तनांच्या (हर्ट्झ) एकाच तालावर, चालतो. तमिळनाडूत मोठे युनिट ट्रिप झाले, म्हणजे अचानक बंद पडले, तर फ्रिक्वेन्सीचा काटा नागपुरातही हलतो. अशा वेळी चालू असलेल्या प्रत्येक टर्बाइनच्या गव्हर्नरने कुणाच्या फोनची वाट न पाहता वाफेचे व्हॉल्व्ह उघडून लोड उचलायचा, म्हणजे वीजनिर्मिती वाढवायची, असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ग्रिड कोडनुसार, म्हणजे ग्रिड चालवण्याच्या नियमावलीनुसार, २०० मेगावॅट आणि त्यावरच्या औष्णिक युनिटांना हे बंधनकारक आहे. फ्रिक्वेन्सी ०.०३ हर्ट्झपेक्षा जास्त ढळली की प्रतिसाद सुरू व्हावा, ४५ सेकंदांत पूर्ण मिळावा आणि पुढे पाच मिनिटे टिकावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून मशीन चालवायलाही मनाई आहे, कारण मग उचलायला जागाच उरत नाही.

नियम रास्त आहे. डेस्कवर बसलेल्याला तो कसा दिसतो, हे मात्र समजून घ्यायला हवे. पाच टक्के ड्रूपवर (फ्रिक्वेन्सी पाच टक्के पडली तर पूर्ण क्षमतेइतका लोड उचलायचा, या प्रमाणावर) लावलेल्या ५०० मेगावॅटच्या युनिटने फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झने पडल्यावर २० मेगावॅट उचलायचे असतात. कोळसा दळणाऱ्या मिलमधला कोळसा भट्टीत जाऊन त्याची वाफ व्हायला काही मिनिटे लागतात, मग हे २० मेगावॅट येतात कुठून? बॉयलरमध्ये साठलेल्या उष्णतेतून. थ्रॉटल प्रेशर, म्हणजे टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेचे प्रेशर, पडते. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल आधी फुगते, मग झपाट्याने खाली जाते आणि पाणी पुरवणारे फीड पंप तिच्यामागे धावतात. पावसाळ्यात ओल्या कोळशाने एखादी मिल आधीच गुदमरत असेल, तर ऑपरेटरची नजर लेव्हलवरून हलत नाही. लेव्हल हाताबाहेर गेली की युनिट ट्रिप. ग्रिडला २० मेगावॅट द्यायला गेलेले युनिट ५०० मेगावॅट घेऊन बसते, पुन्हा सुरू करायला तेलाचा खर्च होतो आणि सकाळी खुलासा लिहायचा तो ऑपरेटरने. प्रतिसाद दिला नाही म्हणून कुणाला नोटीस आलेली मी पाहिली नाही. ट्रिप झाल्याबद्दल दर वेळी आली.

त्यामुळे काही ठिकाणी लोड लिमिटर (लोड एका मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) लावून गव्हर्नरला जखडून ठेवायची पद्धत पडली. ती आळसातून आलेली नाही. नव्वदच्या दशकात संध्याकाळी फ्रिक्वेन्सी ४८.५ च्या आसपास घुटमळायची. काटाच इतका हेलकावे खात असताना गव्हर्नर मोकळा ठेवला असता तर मशीन दिवसभर वरखाली होत राहिले असते. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात एबीटी (उपलब्धतेवर आधारित वीजदर पद्धत) आली, शेड्यूल सोडून वागले तर पैसे मोजावे लागू लागले, आणि शिस्त लागली. आज फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतका अरुंद आहे. जखडण्याचे जुने कारण संपले, सवय मात्र काही ठिकाणी राहिली.

ती पकडली का जात नाही? एबीटीचा हिशेब १५ मिनिटांच्या ब्लॉकचा, दिवसाला ९६ ब्लॉक. ज्याने ४५ सेकंदांत जीव तोडून लोड उचलला आणि ज्याने काहीच केले नाही, त्या दोघांचे ब्लॉकचे आकडे जवळपास सारखेच दिसू शकतात. ग्रिड कोडमध्ये पाच वर्षांतून एकदा चाचणी आहे. दरवर्षी ३१ जुलैपर्यंत स्वतःच स्वतःचे ऑडिट करून अहवाल द्यायचा आहे. चाचणीच्या दिवशी मशीन ठणठणीत असते, कोळसा निवडक असतो आणि तज्ज्ञ शेजारी उभे असतात. रात्री तीन वाजता काय होते, ते त्या प्रमाणपत्रात येत नाही.

३१ जुलै ही तारीख आमच्या पिढीच्या मनात वेगळ्या कारणाने आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर विभाग कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग गेले. सुमारे ६० कोटी लोक अंधारात होते. बिना-ग्वाल्हेर लाइनवरचा ताण, बिघाडात लाइन तोडणाऱ्या प्रोटेक्शन यंत्रणेची चुकीची क्रिया, जादा वीज ओढणाऱ्यांनी न पाळलेल्या सूचना अशी कारणे चौकशीत पुढे आली. म्हणजे नियम होते, पण नेमक्या वेळी ते चालले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईनेही हेच भोगले. शहराला वेगळे काढून वाचवणारी आयलँडिंग योजना अनेक वर्षे तयार होती. कळवा-पडघे लाइन गेल्या तेव्हा ती टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

पुढचा काळ आणखी कठीण आहे. शेतकऱ्याला दिवसा सौर वीज मिळते आहे, रात्री-अपरात्री पंप चालू करायला त्याला विंचूकाट्यातून जावे लागत नाही, याचे मोल मी जाणतो. पण सौर पॅनेलमध्ये फिरणारे वजन नसते. धक्का बसला की आधी आधार देतात ते कोळशाच्या आणि पाण्याच्या केंद्रांतले जड रोटर. दुपारी याच कोळशाच्या युनिटांना बॅक डाऊन करून, म्हणजे लोड उतरवून, क्षमतेच्या ५५ टक्क्यांवर, पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायचे आणि संध्याकाळी मिनिटाला दोन-तीन टक्क्यांनी वर न्यायचे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३ चा नियम आहे. इतक्या कमी लोडवर भट्टीतली ज्योत स्थिर ठेवणे आणि त्याच वेळी गव्हर्नर मोकळा ठेवणे हे कसबी माणसाचे काम आहे. ऑपरेटरला ते सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करायला मिळाले पाहिजे. वर्षातून एकदा हजेरीपुरते प्रशिक्षण इथे उपयोगाचे नाही.

राज्य वीज नियामक आयोगाने दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फ्रिक्वेन्सी मोठी ढळल्याच्या प्रत्येक घटनेनंतर कुठल्या युनिटने किती सेकंदांत किती मेगावॅट दिले, हे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राने आठवड्याच्या आत संकेतस्थळावर टाकावे, सरकारी आणि खासगी दोन्ही. सेकंदासेकंदाची नोंद आज प्रत्येक युनिटच्या डीसीएसमध्ये (संगणकीय नियंत्रण यंत्रणेत) असते, त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आणि गव्हर्नरने प्रतिसाद देताना युनिट ट्रिप झाले, तर ती ट्रिप ऑपरेटरच्या नावावर लागणार नाही आणि केंद्राच्या उपलब्धतेतूनही वजा होणार नाही, असा लेखी आदेश काढावा. रात्रपाळीतल्या ज्या माणसाकडून आपण सगळ्या राज्याच्या वतीने धोका पत्करायची अपेक्षा करतो, त्याच्या हातात निदान तेवढा कागद हवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिफ्ट इंचार्ज, नागपूर