आधी न, मग वेलांटी

वाई
१८ जानेवारी २०२६, रविवार

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला फोनवर तू विचारलंस, "इतकी वर्षं विंडोजवर काढलीस, आता पन्नाशी उलटल्यावर हे काय नवीन खूळ?" तेव्हा माझ्यासमोर गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं आणि तुझ्याकडे नातू भोकाड पसरून रडत होता, म्हणून "लिहितो निवांत" म्हणून फोन ठेवला. आज दुकान बंद आहे, बायको माहेरी गेलीय, घाटावरची गर्दीही ओसरलीय. हे पत्र त्याच खुळावर, म्हणजे विंडोजच्या जागी घातलेल्या लिनक्सवर, टाईप करतोय. कुठे वेलांटी चुकली तर ती हाताची चूक समज. डोक्याला आता सगळं कळलंय, हाताला अजून कळायचंय.

मुळात खूळ नव्हतंच, अडचण होती. माझं मशीन तू पाहिलंयस, २०१५ साली पुण्याहून पार्ट आणून जोडलेलं, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. विंडोज १०ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झालं. विंडोज ११ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ घ्यायची सोय होती, पण ते म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. नव्या मशीनची चौकशी केली तर आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाला चाळीस हजार म्हणजे किती पत्रिका, हे तुला सांगायला नको. आणि जुनं मशीन बिघडलेलंही नव्हतं रे. चालतं मशीन भंगारात घालायला हात होईना.

भाऊबीजेला ताई आली, बरोबर भाचा. तो पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "मामा, यात लिनक्स मिंट आहे, २२.२. डिस्कला हात न लावता नुसतं चालवून बघ." सगळं मिळून तीन जीबीच्या आसपास. पेनड्राइव्हवरनं मशीन सुरू झालं, पडदा आला, वायफाय लागलं, गाणं वाजलं. दोन दिवस तसंच वापरलं. मग रॅम चारची आठ केली, नवी एसएसडी बसवली आणि त्यावर मिंट टाकलं. जुनी डिस्क विंडोजसकट तशीच ठेवली. या मिंटवाल्यांची एक गंमत सांगतो. प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव आणि ते 'आ'कारान्तच. आमच्या बाईचं नाव झारा. तिच्याआधीची शिया, त्याआधीची विल्मा. बायको म्हणाली, "घरात कोणाला आणलंय ते आधी मला सांगत जा."

पहिले पंधरा दिवस मात्र वाईट गेले. सगळं अगदीच वेगळं असतं तर माणूस सावध राहतो. हे दिसायला ओळखीचं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. तिथेच फसगत होते. वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हाची आई आठवते तुला? फ्लॅटच्या खोल्यांना उंबरे नव्हते, पण ती प्रत्येक दारात पाय उचलूनच आत यायची. वर्षभर. माझं तसंच झालं. सी ड्राइव्ह शोधत बसलो. इथे सी नाही, डी नाही. एकच मूळ, त्याला नुसती एक तिरकी रेघ, आणि सगळ्या डिस्का त्या एका झाडाच्या फांद्या. फाईलच्या नावात मोठं इंग्रजी अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं, म्हणून एकाच कार्डाच्या दोन फाईली शेजारी शेजारी झाल्या आणि मी दुरुस्ती एकीत केली, छापायला दुसरी काढली.

आणि माउसचं चाक! इथे मजकूर नुसता निवडला तरी तो कॉपी होतो आणि चाक दाबलं की जिथे असाल तिथे चिकटतो. मला काय माहीत? सकाळी एका घराची दशक्रियेची चिठ्ठी केली होती, दुपारी लग्नपत्रिका. पान खाली सरकवताना चाक दाबलं गेलं असणार. प्रूफ काढून चष्मा लावून वाचतोय तर 'चि. सौ. कां.'च्या खाली 'यांना देवाज्ञा झाली'. मुलीचे वडील दहा मिनिटांत यायचे होते. बंडू, माझ्या हाताला घाम फुटला होता. आता तीच सोय मला इतकी आवडते की जुन्या मशीनवर बसलो की चाक दाबत बसतो आणि काही होत नाही.

पण खरी लढाई ही नव्हतीच. खरी लढाई मराठीची.

आपण दोघं १९९१ला टायपिंगच्या क्लासला जायचो ते आठव. रेमिंग्टनचं मशीन, डोळ्यांवर रुमाल, आधी मराठी तीस, मग चाळीस. तिथे बोटांना जे लागलं ते पुढे कॉम्प्युटरच्या जुन्या फॉन्टांनीही तसंच चालू दिलं. वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी मारायची, मग अक्षर. रफार शेवटी डोक्यावर ठेवायचा. कागदावर जसं दिसतं तसं. मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कुठला शब्द टाईप केला असेल तर 'निमंत्रण'. माझं बोट आधी वेलांटीवर जातं. झारावर वेलांटी मारली की पडद्यावर टिंबांचं एक वर्तुळ येतं आणि वेलांटी त्याला गळफास घेतल्यासारखी लटकते. मग न येतो तो शेजारी कोरडा, वेगळाच. कारण इथे बोलतो तसं लिहायचं. आधी न, मग वेलांटी. त्र एका कळीत नाही. त, मग पाय मोडायची कळ, मग र. 'कार्यालय' लिहिताना रफार शेवटी नाही, र आधी येतो, त्याचा पाय मोडायचा, मग य. पहिल्या दिवशी 'निमंत्रण' लिहायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही, तू हसशील.

भाचा म्हणाला, रोमन अक्षरांवरून मराठी लिहायची सोय लावून देतो, सोपं पडेल. मी नको म्हटलं. मराठी लिहायला डोक्यात इंग्रजी स्पेलिंग करायचं हे मला जमणार नाही आणि पटतही नाही. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलकच घेतला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच बंगालीचा क, तेलुगूचा क. हा कळफलक १९९१च्या भारतीय मानकात आहे. आणि त्याच १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय असं जाहीर केलं, तीच ही लिनक्स. म्हणजे आपण रुमाल बांधून रेमिंग्टन बडवत होतो तेव्हा या दोन्ही गोष्टी जगात आल्या होत्या, आणि माझ्या टेबलावर यायला त्यांना चौतीस वर्षं लागली.

रोज पहाटे चहा व्हायच्या आत अर्धा तास सराव केला. वर्तमानपत्राचा अग्रलेख समोर ठेवायचा आणि उतरवायचा. तीन आठवड्यांनी हात वळला. आता एक गोष्ट कबूल करतो, ही पद्धत शहाणी आहे. जुन्यात 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गोंधळ व्हायचा, कारण दोन्ही खुणा म्हणजे नुसती चित्रं. इथे गुरुजींसाठी साधा र आणि स्वयंपाक्यासाठी शिफ्ट दाबून वेगळा ऱ. दोघांची सोय स्वतंत्र.

फॉन्टचंही सांगतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित टाकला. लोहित म्हणजे संस्कृतात तांबडा. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने काढलेला, म्हणून ते नाव असावं. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे इथल्या वर्डमध्ये, दोन दिवस डोकं खाल्लं ते या गोष्टीने की इंग्रजी मजकुराचा फॉन्ट आणि आकार वेगळा, मराठीचा वेगळा. एकाचा बदलला तर दुसरा जागचा हलत नाही. आणि ल, श हिंदी वळणाचे उमटत होते. मजकुराची भाषा मराठी नेमल्यावर ल वळला. तो आपला पाकळीचा ल पडद्यावर पाहिला आणि खरंच बरं वाटलं.

आता मुख्य दुखणं. मंडळाची स्मरणिका, २००४ची, आपण दोघांनी रात्री जागून केलेली. जुन्या डिस्कवरून तिचा मजकूर उघडला. काय दिसलं असेल? इंग्रजी बाराखडी, मध्ये मध्ये डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, पौंडाची खूण, प्रश्नचिन्हं. एक अक्षर मराठी नाही. मला वाटलं फाईल सडली. भाच्याने फोनवर समजावलं तेव्हा खाली बसलो. फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच. आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणा, आणि तो जुना फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवत होता. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. वीस-पंचवीस वर्षं मी स्वतःला मराठी टायपिस्ट म्हणवून घेतलं आणि मशीनच्या लेखी मी मराठीचं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. त्यात शोधायला गेलो तर माझ्या स्वतःच्या वडिलांचं नाव सापडत नाही.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनला खरंच मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, आणणारे कन्व्हर्टर आहेत. ज्या फाईलींचे फॉन्ट कुठले ते ठाऊक होतं त्या मी फिरवून घेतल्या. बरंचसं नीट येतं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्याचे तुकडे होतात, ते डोळ्यांनी वेचावं लागतं. दोन ग्रामपंचायतींचे अहवाल आणि एका कवीचं अख्खं पुस्तक असं वेचून काढलं. स्मरणिकेला मात्र कुठलाच कन्व्हर्टर लागू पडेना. तो फॉन्ट कुठला होता तेच मला आठवत नाही.

बाकी किरकोळ. प्रिंटर जुना, त्याच्या कंपनीची छापायची भाषा तिची स्वतःचीच, त्यामुळे दोन संध्याकाळी गेल्या; शेवटी चालला, फक्त मशीन चालू केल्यावर प्रिंटर नंतर चालू करायचा, उलट केलं की रुसतो. एकदा जुन्या डिस्कवरची फाईल उघडायची पण सेव्ह होईना. कारण मी विंडोज 'बंद' करून आलो होतो, पण त्यात फास्ट स्टार्टअप चालू होतं. तसं असलं की ते पूर्ण झोपत नाही, डुलकी घेतं, आणि लिनक्स अशा डुलक्या घेणाऱ्याच्या सामानाला हात लावत नाही. ती सोय बंद केली, प्रश्न मिटला. पानं लावायला स्क्रायबस घेतलंय. पेजमेकरचा हात त्याला लागायला वेळ लागतोय, पण मराठी जोडाक्षरं आता त्यात नीट बसतात. कोरलमधली जुनी डिझाईनं मात्र इथे धड उघडत नाहीत, वेली एकीकडे आणि गणपती दुसरीकडे. त्यासाठी आठवड्यातून एकदा जुन्या डिस्कवर जातो, इंटरनेटची वायर काढून. हे तुझ्यापासून कशाला लपवू.

तू विचारलंस, मीही करू का? तुझं उत्तर वेगळं आहे. वहिनींचं सगळं टॅलीवर, ते विंडोजवरच चालतं, आणि तुझं मशीन नवं आहे. तू उगाच माझं बघून उडी मारू नकोस. पण इनस्क्रिप्ट शीक. ते तुझ्या विंडोजमध्येही आहे, फोनमध्येही आहे, आणि वेलांटीची सवय मोडायला तीन आठवडे लागतात ते कुठेही लागतातच.

आता कामाचं. स्मरणिकेच्या वेळी तू पुण्याहून फॉन्टची एक सीडी आणली होतीस. निळ्या कव्हरची, वर स्केचपेनने तूच काहीतरी लिहिलं होतंस. माझ्याकडे ती नाही, म्हणजे तुझ्याकडेच असणार. तू साधी रबरबँडही टाकत नाहीस. माळ्यावर बघ, टायपिंगच्या सर्टिफिकेटांच्या पेटीत बघ. सापडली तर फोनवर तिचा फोटो काढून पाठवू नकोस, सीडीच कुरियर कर, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून. तुझ्या अण्णांचा गणपती-विसर्जनावरचा लेख त्या स्मरणिकेतच आहे आणि छापील प्रत माझ्याकडची वाळवीने खाल्लीय.

वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
नाना