सव्वासहा आणि पावणेसात

नाशिक, २२ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र दादाच्या मेलवर पाठवतेय. अक्षर मोठं करून प्रिंट काढ आणि दोघांच्या हातात दे, असं वहिनीला सांगितलंय. मोबाइलवर वाचू नका. आई, तू डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत बसशील आणि बाबा शेवटचा परिच्छेद आधी वाचतील. बाबा, क्रमाने वाचा. आधी चहा घ्या, बिनसाखरेचा.

घर ठीक आहे. गच्चीवरची टाकी धुवून घेतली. सोनचाफा एवढा फुललाय की शेजारच्या काकू रोज देवाला नेतात आणि रोज तुमची चौकशी करतात. आई, लोणच्याच्या बरण्यांची दादरी मी सोडलेली नाही, शपथ. पाऊस लांबला म्हणून गाद्या उशिरा उन्हात घातल्या, पण घातल्या. तुमच्या खोलीतल्या बाथरूममध्ये कमोड बसवून घेतलाय आणि बाजूला धरायला स्टीलचा दांडा. बाबा, दांडा म्हातारपणासाठी नाही, माझ्या गुडघ्यासाठी बसवलाय असं समजा.

आता ते सांगते.

दसऱ्याला व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं होतं, "पूजेत तो बॉल कशाला ठेवलायस गं?" मी म्हटलं, असाच. बाबा काही बोलले नाहीत. बॉलशेजारची शिट्टी बाबांनी पाहिली असणार. उभा जन्म नोट प्रेसमध्ये काढलेला माणूस, झेंडूखाली झाकलेली शिट्टी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही.

मी नोकरी सोडली. १४ ऑगस्टला राजीनामा दिला, दोन महिन्यांची नोटीस पुरी केली आणि गेल्या आठवड्यात सोमवारी कार्ड जमा करून आले. म्हणजे गेले आठ दिवस "निघतेय गं, नंतर बोलू" म्हणत होते, ती अंबडला कंपनीत निघत नव्हते. ग्राउंडवर निघत होते. आता मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. पूर्णवेळ.

बाबा, दोन घोट पाणी प्या. नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, मी तुमचा बीपी तुमच्या आवाजावरून मोजते. आत्ता तो ऐकू येत नाही म्हणूनच लिहितेय.

कुणी काढलं नाही मला. भांडणही झालं नाही. निरोपाला चिवडा-पेढे वाटले, साहेबांनी परत यायचं असेल तर दार उघडं आहे असंही सांगितलं. चौदा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळतेय, पीएफला हात लावलेला नाही. घरावर कर्ज नाही, ही बाबांची पुण्याई. गंगापूर रोडच्या एका शाळेत आठवड्याचे चार दिवस आहेत आणि सकाळची आपली बॅच, त्यात सव्वीस मुली. दोन्ही मिळून आधीच्या पगाराच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं. थोडंच. खोटं कशाला सांगू? पण मला लागतं किती? साड्या मी घेत नाही आणि बाहेरची मिसळ महिन्यातून दोनदा.

तुमच्या दवाखान्याचं म्हणाल तर राजीनाम्याआधी मी फक्त तेवढंच पाहिलं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तुम्ही दोघं होतात, ती माझ्याबरोबर सुटणार होती. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेतली, म्हणजे आधीची वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात आणि बाबांच्या स्टेंटसाठी पुन्हा पहिल्यापासून वाट पाहायला नको. हप्ता जास्त आहे, तो ग्रॅच्युइटीतून बाजूला काढलाय. शिवाय सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कवच द्यायचं केंद्राने सप्टेंबरात ठरवलंय. बाबा त्यात बसतात, आई अजून तरुण आहे. आल्यावर आधार घेऊन आपण जाऊच. हे कागद शोधताना बाबांची निळी फाइल काढावी लागली. त्यात अजून काय ठेवलंय तेही दिसलं. होतं तसं परत ठेवलंय. त्यावर बोलायचं नाही, बरं का बाबा. मला फक्त एवढंच वाटलं, प्लॅस्टिकच्या कव्हरात कशाला ठेवलं असेल.

तुम्ही म्हणाल, हे खूळ आलं कुठून. खूळ जुनंच. पण हे वर्षच तसं निघालं, त्याला मी काय करू? मे महिन्यात तुम्ही तिकडे अमेरिकेत दादाकडे पोचलात न पोचलात तोच बर्लिनला युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांची फायनल, पनाथिनाइकोसने रिअल माद्रिदला ९५-८० हरवलं. आई म्हणाली, "कसलं पाणी नायकोस? इथे तरी पाण्याचं नाव काढू नका." मग जूनमध्ये बॉस्टनची एनबीए फायनल, म्हणजे अमेरिकेच्या लीगची. तिकडे रात्रीचे साडेआठ, इकडे सकाळचे सहा. दादाच्या सोफ्यावर तुम्ही, दिवाणखान्यात मी, मध्ये स्पीकरवर फोन. तुमच्याकडे चित्र आधी यायचं आणि माझ्याकडे काही सेकंदांनी, त्यामुळे तुम्ही ओरडलात की मला कळायचं बॉल आत जाणार आहे. पाचव्या मॅचला हाफ टाइमच्या ठोक्याला प्रिचर्डने अर्ध्या कोर्टावरून टाकला तेव्हा तर काकू चहाचा कप हातात घेऊन विचारायला आल्या, काय झालं म्हणून. १०६-८८. बॉस्टनची अठरावी ट्रॉफी, लेकर्सच्या सतराच्या पुढे. तोवर ठीक होतं. पण चार दिवसांनी ती बदकछाप बोटींची विजयाची मिरवणूक पाहायला दोन स्टेंटवाला माणूस जून महिन्यातल्या उन्हात तासन्‌तास उभा राहतो, टोपी दादाच्या गाडीत विसरून, हे मला वहिनीकडून कळतं. अजून राग आहे मला. फोटो छान आलाय, तो भाग वेगळा.

आणि ऑगस्ट. पॅरिस ऑलिंपिकची मुलांची फायनल रात्री एक वाजता होती, ती मी एकटीने पाहिली. अमेरिकेच्या स्टेफ करीने आठ थ्री मारले, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन-तीन पॉइंटचे बास्केट, ९८-८७. छान होती, पण माझी मॅच ती नव्हे. माझी मॅच दुसऱ्या दिवशीची, रविवारी संध्याकाळी सातची, मुलींची. बॅचमधल्या बारा जणींना घरी बोलावलं होतं. आईच्या सतरंज्या काढल्या (नंतर धुतल्या). फ्रान्सच्या पोरींनी अमेरिकेच्या तोंडाला फेस आणला. शेवटच्या ठोक्याला गॅबी विल्यम्सचा शॉट बोर्डला लागून आत गेला आणि आमच्या घरात बारा जणी उड्या मारायला लागल्या, बरोबरी, बरोबरी! पण तिचा पाय थ्रीच्या रेषेवर होता. तीन नव्हे, दोनच. ६७-६६. अमेरिकेचं ओळीने आठवं सुवर्ण. आमच्या सातवीतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "ताई, ती वीतभर मागे असती तर?" तर एक्स्ट्रा टाइम झाला असता, आणखी काय.

रात्री झोप लागेना. पहाटे टेप घेऊन कोर्टावर गेले. बाबा, तुम्ही खिळा, सुतळी आणि चुन्याची डबी घेऊन आखलेली थ्रीची रेषा अजून दिसते. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं होतं आणि "ताण, ढिली सोडू नको" म्हणून तीनदा बोलणी खाल्ली होती. रेषा अचूक आहे, रिंगच्या मध्यापासून सव्वासहा मीटर, एका बोटाचाही फरक नाही. फक्त नियम बदलला. २०१० पासून ती पावणेसात आहे. म्हणजे आमच्या पोरी इतकी वर्षं अर्धा मीटर आतून थ्री मारायच्या, इथे टाळ्या घ्यायच्या आणि बाहेर मॅचला गेल्या की बॉल रिंगच्या अलीकडे पडायचा. सगळ्यांना वाटायचं, पोरी घाबरल्या. मी स्वतः शनिवार-रविवार जाऊन "अगं घाबरता कशाला" म्हणून ओरडायचे. आठवड्यातले दोन दिवस, तेही अर्धं लक्ष सोमवारच्या ऑडिटमध्ये. रेषा चुकलीय हे दिसायलासुद्धा रोज तिथे असावं लागतं.

बुधवारी राजीनामा दिला. एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडतं का, असं आई म्हणेल. एवढ्यासाठी नाही गं. गेल्या वर्षी सहा आठवडे "कंपनीचं ट्रेनिंग, चंदीगड" होतं ना, ते पतियाळाला होतं, एनआयएसला, खेळाच्या राष्ट्रीय संस्थेत, कोचिंगच्या सर्टिफिकेटचं. रजा बिनपगारी होती. म्हणजे मी दोनदा खोटं बोलले. तिसरं नाही. तुझे शंकरपाळे तिथल्या मुलींनी दोन दिवसांत संपवले एवढं मात्र तेव्हाही खरंच सांगितलं होतं.

नवी रेषा आम्ही मिळून रंगवली. तुमची पुसलेली नाही, बाबा. ती लहान पोरींना ठेवलीय, पाच नंबरच्या बॉलवाल्यांना.

एक मात्र मनात आणू नका. २००५चा कॅम्प, बारावी, आजीचं आजारपण, यातलं काही मी काढत नाहीये. तेव्हा मीही बाबांच्या जागी असते तर तेच केलं असतं. बहुतेक. मला त्या दिवसांतलं काय आठवतं सांगू? बाबा रात्रपाळीहून सायकलवर यायचे आणि गणवेशातच मला कोर्टावर न्यायचे, बाकावर बसल्या बसल्या डोळा लागायचा, पण बॉलचा टप्पा चुकला की झोपेतच "डावा हात" म्हणायचे. आईने हाफ पँटला खालून चार बोटं निळी पट्टी जोडली होती आणि मी रडून गोंधळ घातला होता. तेलाच्या घट्ट दोन वेण्या ले-अपला, म्हणजे रिंगजवळ जाऊन बॉल टाकायला, उडी मारली की डोळ्यावर सपकन बसायच्या. घरी आल्यावर नाचणीची खीर. त्या खिरीत मीठ किती घालायचीस गं? माझी जमत नाही.

काल पहाटे साडेपाचला न्यूयॉर्क लिबर्टीची मिनेसोटाविरुद्धची मॅच पाहिली, डब्ल्यूएनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या मुलींच्या लीगची फायनल. तुम्ही झोपला होतात म्हणे, शहाणे. लिबर्टी १९९७ पासूनची टीम, पाच फायनल हरलेली. पहिल्या मॅचला अठरा पॉइंटची आघाडी घालवली, स्ट्युअर्टचा शेवटचा फ्री थ्रो हुकला. आणि काल पाचव्या मॅचला पाच सेकंद राहिलेले, दोन पॉइंट मागे, पुन्हा तीच स्ट्युअर्ट फ्री थ्रोला. दोन्ही आत. एक्स्ट्रा टाइममध्ये ६७-६२, पहिली ट्रॉफी. पण माझं लक्ष बाकाकडे होतं. मिनेसोटाची कोच शेरिल रीव्ह, म्हणजे पॅरिसला अमेरिकेची कोच. न्यूयॉर्कची सँडी ब्रॉन्डेलो, पॅरिसला ऑस्ट्रेलियाची. ऑगस्टात सेमीफायनलला रीव्हने तिला ८५-६४ धुतलं, सुवर्ण नेलं, ब्रॉन्डेलोने ब्राँझ घेतलं. दोन महिन्यांनी तिनेच रीव्हकडून ट्रॉफी नेली. बाबा, तुम्ही नेहमी खेळाडूंची नावं पाठ करायला लावायचात, कोचची कधी नाही. आता ही दोन करा.

आपला संघ ऑलिंपिकला एकदाच गेलाय, १९८०ला मॉस्कोला, आणि तोही निम्म्या जगाने बहिष्कार टाकला म्हणून, हे आई बाबांना दर चार वर्षांनी ऐकवते. मुलींचा तर कधीच नाही. मी तो पाठवणार आहे असं काही म्हणत नाही. माझ्या सव्वीस जणींपैकी चार जणींना डाव्या हाताने ले-अप येतो. दिवाळीपर्यंत दहा जणींना यायला हवा, एवढंच आहे सध्या.

आता नीट ऐका. नऊ तारखेच्या विमानाला दोघांनाही व्हीलचेअर सांगितलीय. बाबा, "मला कशाला" म्हणून उठायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं. आई, बदाम आणि चॉकलेटांनी बॅगा भरू नकोस, इथे सगळं मिळतं. मुंबईला मी गाडी घेऊन येते. कसाऱ्याच्या अलीकडे खड्डे फार आहेत, म्हणून आईला पुढची सीट. वाटेत वडा मिळणार नाही. २० तारखेला मतदान आहे, तोवर झोपेची वेळ जाग्यावर येईल. पहिला आठवडा बाबांनी कोर्टावर यायचं नाही. नंतर या, बाकावर बसा, रेषा मोजा, काय ते बोला. माझ्यावर रागवायचं असेल तर कसारा संपल्यावर. घाटात ड्रायव्हरसमोर नको.

फोन आज करू नका. उद्या करा, सकाळी नऊनंतर, तोवर बॅच सुटलेली असते.

आणि दादाला सांगून फॉक्स ४०ची एक शिट्टी आणा, आत गोळी नसलेली. पूजेतली इकडची आहे, पावसात भिजली की वाजत नाही. काळी नको, केशरी मिळाली तर बघा.

तुमची,
मनू