धावफलकाकडे बघू नका

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

ऑक्टोबरात इथे आलात की स्कॉट्सडेलला बेसबॉल बघायला जायचं ठरलंच आहे, म्हणून थोडं आधीच लिहून ठेवते. आपण बघणार ती ॲरिझोना फॉल लीग. 1992 पासून ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मोसम उतरणीला लागल्यावर भरते. फिनिक्सच्या आसपास सहा संघ, आणि मोठ्या लीगचे (मेजर लीग बेसबॉल) तीसच्या तीस क्लब आपली होतकरू पोरं त्यांत वाटून पाठवतात. म्हणजे एका संघात पाच क्लबांची मुलं. आई, नावं ऐक: स्कॉट्सडेलचे विंचू, पिओरियाची हावेलीना (हे इथलं रानडुकरासारखं जनावर), आणि सरप्राइज नावाच्या खऱ्याखुऱ्या गावाचे निवडुंग.

बाबा, ही मुंबईच्या पावसाळ्यातली आपली कांगा क्रिकेट लीगच समजा, फक्त उलट्या अंगाची. कांगात ओली खेळपट्टी आणि वाढलेलं गवत फलंदाजाचा जीव काढतात, इथे हाल पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे. कोरड्या हवेत चेंडू बोटांना गुळगुळीत लागतो, पकड बसत नाही. उष्ण हवेत फटका लांब जातो. त्यात पिचरचे खांदे एप्रिलपासून फेकून थकलेले, म्हणून क्लब आपले सर्वांत चांगले हात बहुधा घरीच ठेवतात. दुखापतीत अर्धं वर्ष गेलेले कितीतरी पिचर राहिलेल्या इनिंग्ज भरून काढायला इथे येतात. म्हणून एखादा बॅटर इथे .350 च्या सरासरीने (शंभरात पस्तीस वेळा यशस्वी फटका) खेळला तरी जाणकार हुरळत नाहीत. पिचर चांगला दिसला तर मात्र वहीत खूण करतात. कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही.

घाई असते ती नोव्हेंबरातल्या तारखेची. अठरा किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या मुलाला पाच मोसम आणि त्यापेक्षा मोठ्या वयात आलेल्याला चार मोसम झाले, की क्लबाला त्याला 40 जणांच्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं, तर डिसेंबरच्या निवडीत दुसरा कुणीही 1 लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. उचलणाऱ्यालाही मोकळं रान नाही: पुढचा अख्खा मोसम त्याला मोठ्या संघातच ठेवायचं, नाहीतर 50 हजारांत मूळ क्लबाला परत देऊ करायचं. ठेवायचा की सोडायचा, यावर शेवटची नजर इथे फिरते.

होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे रडार गन आणि स्टॉपवॉच घेऊन बसतात ते स्काउट, क्लबांसाठी खेळाडू हेरणारे. आपण त्यांच्या जवळच, जाळीच्या आड बसू. बाबा, तुम्हीही दोन वेळा मोजा. पहिली कॅचरची, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याची. धावणारा दुसऱ्या बेसकडे निसटला की चेंडू कॅचरच्या ग्लोव्हात बसताक्षणी घड्याळ चालू, दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हात पडला की बंद. 2.0 सेकंद म्हणजे मध्यम, 1.9 म्हणजे चांगला. नवखे इथे हमखास चुकतात, कारण ते कानांनी मोजतात. होम प्लेटपासून दुसरा बेस 38.8 मीटर. मागे बसलं की तिथला आवाज पोहोचायला इकडच्यापेक्षा साधारण 0.11 सेकंद जास्त लागतो, आणि चांगला कॅचर उगाच मध्यम ठरतो. डोळ्यांनीच मोजा.

दुसरी वेळ बॅटरची: बॅट चेंडूला लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत. अंतर 27.4 मीटर. उजव्या हाताच्या बॅटरला 4.3 साधारण, डावखुऱ्याला 4.2, कारण तो उभाच बेसच्या जवळ असतो. मध्येच ढिला पडला तर ती नोंद खोडा, तो वेग नव्हे.

नियमही आधी इथेच घासून बघतात. पिचरने ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकायचा, हे घड्याळ 2014 साली या लीगमध्ये लागलं. मोठ्या लीगमध्ये ते यायला 2023 उजाडलं. टाकलेला चेंडू बॅटरच्या टप्प्यात होता (स्ट्राइक) की बाहेर (बॉल) हे यंत्राने सांगणं 2019 मध्ये इथे आजमावलं. मोठ्या लीगने 2026 पासून ते तुमच्या डीआरएससारखं घेतलं: संघाला दोन आव्हानं, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं, आणि आव्हान द्यायचं ते पिचर, कॅचर किंवा बॅटरने लगेच टोपी-हेल्मेटवर थाप मारून. बाकावरून खुणा चालत नाहीत. (आपल्याकडे हे शेवटचं कलम पाळताना काय होतं ते तुम्ही जाणताच.)

इथून कोण वर गेले? 2011 च्या स्कॉट्सडेल संघात माइक ट्राउट आणि ब्राइस हार्पर दोघेही होते. आणि 1994 मध्ये, बास्केटबॉल सोडलेला मायकेल जॉर्डन. .252 केले त्याने. जिथे सगळे धुतात तिथे एवढेच, यावरून काय ते समजा.

आई, मैदान मोठं असलं तरी गर्दी विरळ असते, हवी ती खुर्ची मिळते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कुंपणामागे हिरवळ आहे, तिच्यावर चटई टाकून बसावंसं वाटेल, पण फटके तिथेच येऊन पडतात. ऑक्टोबराच्या सुरुवातीला दुपारी 35 अंशांच्या आसपास ऊन, म्हणून संध्याकाळचाच सामना घेऊ. सूर्य गेला की वाळवंट झपाट्याने निवतं, तेव्हा ती पातळ शाल बॅगेत वरच ठेव. बाबा, फोनमधलं घड्याळ नको. काचेवर बोट टेकलं की नाही ते बघायला मान खाली जाते आणि चेंडू सुटतो. बटणाचं स्टॉपवॉच आणा.

तुमची,
मनू