पॅनहार्ड रॉड डिफ कव्हरला आपटतो, आणि तुमचा तंत्रज्ञ म्हणतो चाक वर जाऊ देऊ नका

विषय: गाडी ५० मिमीने उंच करणाऱ्या तुमच्या लिफ्ट किटमधला दोष

व्यवस्थापक, ग्राहक सेवा,

आज चौथ्यांदा फोन केला, चौथ्यांदा उडवाउडवीचं उत्तर मिळालं. आता लेखी देतो आहे.

पुढचं चाक वर गेलं की तुमचा ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) डिफ कव्हरला, म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरेन्शियल गिअरांवरच्या झाकणाला लागतो. कव्हरच्या वरच्या दोन बोल्टांमधला रंग खरवडून पत्रा उघडा पडला आहे, रॉडच्या वाकवलेल्या भागावरही तेवढ्याच रुंदीचा चट्टा आहे. फिटिंग चुकलं म्हणाल, म्हणून आधीच सांगतो: बाक तुमच्या चित्रात दाखवलाय त्याच बाजूला आहे. रॉडची लांबी गाडी चारही चाकांवर उभी असताना, ॲक्सल मधोमध आणून ठरवली. बोल्टही त्याच स्थितीत आवळले.

मोजमापासाठी चासी स्टँडवर घेतली, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि जॅकने ॲक्सल वर चढवला. बंप स्टॉपचं, म्हणजे चाकाची वर जाण्याची हालचाल थांबवणाऱ्या अडसराचं रबर टेकायला १८ मिमी बाकी असतानाच रॉड कव्हरला भिडला. रॉड काढून ॲक्सल पुन्हा वर घेतला, तर रबर टेकलं तेव्हा शॉक ॲब्सॉर्बरचा फक्त ६ मिमी दांडा आत जायचा शिल्लक होता. जोराच्या आदळीत हे रबर २० मिमी तरी दबतं. म्हणजे रबर पुरतं दबायच्या आधी शॉकच तळाला आपटणार, त्याचं सील जाणार, माउंट फाटणार.

आजच्या फोनवर तुमच्या तंत्रज्ञाने विचारलं, "गाडी उभी असताना लागतोय का?" मी म्हटलं, नाही, तेव्हा जागा आहे. "मग झालं की!" मी म्हटलं, अहो, चाक वर-खाली होतं तेव्हाचं विचारतोय. त्यावर उत्तर आलं, "मग चाक इतकं वर जाऊ देऊ नका." ऑफ-रोडचं किट विकणाऱ्या कंपनीचा तांत्रिक विभाग हे बोलतो! दगडावर चाक किती वर जाईल ते बंप स्टॉप ठरवतो, आणि उंची ५० मिमीने वाढवणाऱ्या किटमध्ये बंप स्टॉपचा एकही स्पेसर (त्याला खाली आणणारा जाड तुकडा) नाही. पुढे म्हणाले, "कव्हर थोडं ग्राइंडरने घासून घ्या." घासून पातळ झालेला पत्रा पुढच्या धक्क्याला तिथेच फुटेल, तेल वाहून जाईल, आतले क्राउन-पिनियन गिअर कोरडे फिरून जळतील. एवढं सांगितलं आणि फोन ठेवला गेला. मला याचा मनस्वी संताप आला आहे.

हिशेब साधा आहे. रॉडला कमी पडणारे १८ मिमी, २० मिमी रबराचा दाब, वर १० मिमी मोकळी जागा: ४८. म्हणजे दोन्ही बाजूंना ५० मिमीचे स्पेसर हवेत. उंची तेवढीच वाढली असल्याने चाकाची वर जाण्याची मूळ हालचाल त्यात कमी होत नाही. हे किट बनवणाऱ्याला माहीत असायलाच हवं होतं.

स्पेसरची जोडी आणि नवं डिफ कव्हर सात दिवसांत पाठवा. सूचनापत्रकात एक चाक वर, एक खाली ठेवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तपासायची पायरी घाला, कारण तिरप्या ॲक्सलवर रॉड वेगळ्या जागी लागतो. जमत नसेल तर किट परत न्या आणि पूर्ण पैसे द्या. दोन्ही टाळलंत तर चट्ट्यांचे फोटो आणि ही मापं हे किट घ्यायला निघालेल्या प्रत्येकासमोर ठेवीन.

स्पेसरचा एकही तुकडा किटमध्ये नव्हता, हे पुन्हा लिहितो. पुढच्या फोनवर "तो वेगळा घ्यावा लागतो" हे ऐकून घेणार नाही.

एक ग्राहक