पाळणाघरातल्या ताईंनाही प्रशिक्षण हवे

परवा अडीच वर्षांच्या नातवाला आणायला मानेवाड्याजवळच्या एका पाळणाघरात गेले. तो खिडकीशी उभा राहून "ताई, खार! खार!" म्हणत होता. ताईंनी मान वर न करता "बस खाली" म्हटले. तो बसला, पुन्हा बोलला नाही. ताई वाईट नाहीत. दहा-बारा लेकरांचे खाणे, शी-शू, रडणे एकटीने सांभाळायचे, आणि अशा वेळी काय बोलावे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

आमच्या मागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत वेगळेच पाहिले. सेविकेने एका मुलीला संत्र्याची फोड दिली, "कशी लागते गं?" विचारले आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग मुलगी म्हणाली, "आंबट... अन् थंडी." "थंडी? कुठं लागली थंडी?" "दाताले!" आणि गप्पा सुरू झाल्या.

हे थांबणे शिकवता येते. सहाव्या वर्षाआधी मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते, असे २०२० चे शैक्षणिक धोरण सांगते. केंद्र सरकारच्या 'पोषण भी पढाई भी' या कार्यक्रमातून अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण मिळते, पण खासगी पाळणाघरांतल्या ताई त्यात येत नाहीत. महापालिकेने त्यांच्यासाठी झोननिहाय वर्ग घ्यावेत. सभागृहातली भाषणे नकोत. अनुभवी सेविकेजवळ बसून, प्रत्यक्ष मुलांसोबत शिकू द्यावे. आणि त्या दिवसांची त्यांची मजुरी कापली जाऊ नये.

— एक आजी, नागपूर